गाडीतल्या नकाशासाठी लाखभर का मोजावेत?

मुंबईहून तळ्याला यायचे तर पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड करत इंदापूर गाठायचे आणि तिथे महामार्ग सोडून उजवीकडे वळायचे. पुढे पंधराएक किलोमीटरवर तळा. रायगडातल्या कुठल्याही एसटी चालकाला मध्यरात्री उठवून विचारले तरी तो हेच सांगेल. पण गाडीच्या पडद्यावर नुसते 'इंदापूर' लिहिले, तर पुणे जिल्ह्यातले सोलापूर रस्त्यावरचे इंदापूरही पुढे येऊ शकते. 'माणगाव' लिहिले तर एक रायगडातले, दुसरे सिंधुदुर्गात कुडाळजवळचे. 'मुरूड' म्हटले तर एक जंजिऱ्याचे, एक दापोलीचे, एक लातूरचे. रोमन लिपीत पत्ता टाकणाऱ्याची अडचण आणखी वाढते. अष्टविनायकातले खोपोलीजवळचे महड आणि चवदार तळ्याचे महाड तिथे अगदी सारखे दिसतात. ही दोन्ही गावे रायगड जिल्ह्यातलीच, पण त्यांच्यात शंभरेक किलोमीटरचे अंतर आहे.

दक्षिण रायगडात नवी गाडी घेणाऱ्या माणसाने नकाशाचा विचार करायचा तो या पार्श्वभूमीवर. पनवेल किंवा पेणच्या शोरूममध्ये सेल्समन आधी मधले मॉडेल दाखवतो, मग वरचे. वरच्यात पडदा मोठा असतो, छताला काच असते, आणि त्या यादीत 'इनबिल्ट नॅव्हिगेशन' हेही एक कलम असते. दोन मॉडेलांच्या किमतीत लाख-दीड लाखाचा फरक सहज पडतो. घरात चर्चा सुरू होते. थोरले म्हणतात, गाडीतच असलेले बरे. मुले म्हणतात, फोनमध्ये फुकट आहे की.

बहुतेकांसाठी मुलांचे म्हणणे बरोबर आहे. नुसत्या नकाशासाठी वरचे मॉडेल घेऊ नये. मात्र 'फोनमध्ये फुकट आहे' एवढ्या एका कारणावर विसंबून कोकणात गाडी घालणे धोक्याचे आहे. थोरल्यांच्या आग्रहातही एक खरी गोष्ट दडलेली आहे आणि ती समजून घ्यायला हवी.

गाडीतला नकाशा नागरिकांच्या जीपीएसपेक्षा जुना आहे. होंडाने १९८१ मध्ये जपानमध्ये 'इलेक्ट्रो गायरोकेटर' नावाचे उपकरण आणले तेव्हा नागरिकांसाठी जीपीएस नव्हतेच. गाडी किती गेली आणि किती वळली हे ते यंत्र मोजायचे आणि पारदर्शक नकाशाच्या तक्त्यावर एक ठिपका सरकवायचे. पुढे अमेरिकेचे जीपीएस आले, पण लष्करी कारणांसाठी त्याची अचूकता नागरिकांसाठी मुद्दाम कमी ठेवली जात होती. मे २००० मध्ये ती अट उठली आणि शंभर मीटरपर्यंत चुकणारे यंत्र दहा-वीस मीटरवर आले. रस्ता आणि शेजारचे शेत यांतला फरक यंत्राला कळू लागला तो तेव्हापासून. भारतापुरता विचार केला, तर रस्त्यांचे डिजिटल नकाशे बनवण्याचे काम मॅपमायइंडियाने १९९५ पासून चालवले आहे. आज देशात विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांच्या पडद्यामागे याच कंपनीचा नकाशा असतो. २०१५ च्या सुमारास मारुतीच्या वरच्या मॉडेलांत स्मार्टप्ले आले तेव्हा नकाशा एसडी कार्डावर मिळायचा. गाडी नवी तोवर नकाशाही नवा. मग गाडी जुनी व्हायची आणि कार्ड तसेच राहायचे.

मुद्दा इथेच सुरू होतो. गाडी दहा-पंधरा वर्षे वापरली जाते, आणि गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्राचा नकाशा झपाट्याने बदलला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. शिवडी ते चिर्ले अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्याआधीचा नकाशा ज्या गाडीत आहे, ती गाडी या पुलावरून जाताना तिच्या पडद्यावर चक्क समुद्रात चाललेली दिसते. तळ्याच्या लोकांना आणखी जवळचे उदाहरण म्हणजे कशेडीचा बोगदा. २०२३ च्या गणपतीआधी त्याची एक बाजू वाहतुकीला खुली झाली आणि पोलादपूर-खेडमधली वळणावळणाची चढण टळली. जुना नकाशा अजूनही त्या घाटातूनच नेणार.

कंपन्या म्हणतात की आता नकाशा आपोआप, हवेतून अद्ययावत होतो. नव्या गाड्यांत ही सोय आहे, हे मान्य. पण त्यासाठी गाडीतले सिम चालू लागते, आणि ही जोडलेली सेवा बहुधा सुरुवातीची काही वर्षे मोफत आणि नंतर वार्षिक शुल्क भरून मिळते. हे शुल्क किती वर्षांनी सुरू होते आणि नकाशाचे अद्ययावतीकरण त्यातच धरलेले आहे की वेगळे, हे प्रश्न शोरूममध्ये फार थोडे लोक विचारतात. शुल्क भरायची तयारी असली तरी यंत्राचे आयुष्य आपल्या हातात नसते. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजीची जाळी बंद झाली तेव्हा थ्रीजीवर चालणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या जोडलेल्या सेवा एका झटक्यात थांबल्या. इंजिन ठणठणीत होते, टायर चांगले होते, पडदा मात्र मुका झाला. फोन आपण चार-पाच वर्षांनी बदलतो. गाडीचा पडदा बदलत नाही.

आता थोरल्यांच्या बाजूने.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, तळा, मुरूड या तालुक्यांत घरांवरचे पत्रे उडाले, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले. वीज गेली आणि तिच्यामागोमाग मोबाईलचे टॉवरही गेले. मुंबई-पुण्यातल्या मुलांचा गावाकडच्या आईवडिलांशी कित्येक दिवस संपर्क नव्हता. मदत घेऊन निघालेल्या गाड्यांपैकी ज्यांच्या चालकांचा सगळा भरवसा फोनच्या चालू नकाशावर होता, त्यांना अशा ठिकाणी माणसांना विचारत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड-चिपळूणमध्ये हेच पुन्हा घडले. आणि वादळच कशाला? तळ्याहून मांदाडकडे किंवा म्हसळ्याकडे जाताना डोंगराच्या कुशीत शिरले की रेंज येते-जाते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गाडीच्याच यंत्रात साठवलेला नकाशा अशा वेळी चालू राहतो. त्याला फक्त उपग्रहाचा संदेश लागतो आणि तो आकाशातून येतो, टॉवरवरून नाही.

दुसराही एक फायदा आहे, आणि तो कुणी फारसा सांगत नाही. गाडीतल्या अनेक यंत्रणांना छतावरचा अँटेना, चाकांच्या फिरण्याचे मोजमाप आणि वळण ओळखणारा संवेदक यांची जोड असते. उपग्रह दिसेनासे झाले तरी गाडी किती पुढे गेली याचा अंदाज त्या बांधत राहतात. होंडाच्या १९८१ च्या यंत्राचेच हे तत्त्व, आता सुधारलेल्या रूपात. कशेडीच्या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यात फोनचा बाण अडखळू शकतो, गाडीचा सहसा सरकत राहतो. एप्रिल-मेच्या उन्हात काचेजवळ लावलेला फोन तापतो, त्याचा उजेड कमी होतो, कधी तो बंदही पडतो. वर फोन वाजतो, संदेश येतात, आणि नेमक्या फाट्यावर नकाशा पडद्याआड जातो. गाडीचा पडदा या त्रासातून मुक्त असतो.

एवढे ऐकून कुणी वरचे मॉडेल घ्यायला निघाला असेल तर थोडे थांबावे. यातल्या बहुतेक गोष्टी मधल्या मॉडेलातही मिळतात. अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले असलेला साधा पडदा आता बऱ्याच मधल्या मॉडेलांत येतो. फोन खणात किंवा खिशात राहतो आणि नकाशा गाडीच्या पडद्यावर दिसतो. राहिला रेंजचा प्रश्न. गुगल मॅप्समध्ये हव्या त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो. घरच्या वायफायवर अख्खा रायगड आणि वर रत्नागिरीचा उत्तर भाग उतरवला, तर टॉवर बंद असतानाही रस्ता दिसतो. फक्त तो अधूनमधून ताजा करावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या मोफत ॲपमध्येही नकाशा असा साठवता येतो. गडकिल्ल्यांवर फिरणारी मंडळी ही काळजी कायम घेतात. तळगडावर किंवा घोसाळगडावर चढणाऱ्या गटात कुणी ना कुणी नकाशा उतरवून आणलेला असतो. गाडी चालवणारे मात्र ही पाच मिनिटांची तसदी घेत नाहीत, कारण शहरात तिची गरजच पडत नाही.

फोन हातात धरून नकाशा पाहणे मात्र सर्वथा टाळायला हवे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीने हातातले उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरायला मुभा दिली आहे, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. इंदापूर-तळा रस्त्यावर समोरून डंपर येत असताना मांडीवरच्या फोनकडे पाहणाऱ्याचे लक्ष विचलित होत नाही, असे कोण म्हणेल? होल्डरला शे-दोनशे रुपये पडतात. ते खर्च करायलाच हवेत.

गणपतीत तर गाडीत साठवलेला नकाशा कामाचाच राहत नाही. चाकरमान्यांच्या गाड्या निघाल्या की इंदापूर आणि माणगावात रांगा लागतात. पनवेल-इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि रखडत गेले, इंदापूर व माणगावच्या बाह्यवळणांचेही तेच झाले. सणापुरती अवजड वाहनांना बंदी घालावी लागते, पोलीस पर्यायी रस्ते सांगतात. कुठे किती खोळंबा आहे हे फोनवरच्या नकाशाला कळते ते त्याच रांगेत अडकलेल्या हजारो फोनांच्या वेगावरून. गाडीच्या आतल्या नकाशाला सिम नसेल तर यातले काहीच कळत नाही. तो शांतपणे माणगावच्या कोंडीत नेऊन सोडतो. तळ्याच्या माणसाला नकाशा लागतो तोही बहुधा बाहेर जाताना. गावातले फाटे त्याला तोंडपाठ असतात. पण घरातल्या आजारी माणसाला घेऊन रात्री परळच्या केईएमला किंवा कामोठ्याच्या रुग्णालयात जायची वेळ आली की अनोळखी शहरातला प्रत्येक उड्डाणपूल परीक्षा पाहतो. वर जायचे की खालून, हे चुकले तर दोन किलोमीटरचा वळसा पडतो. त्या रात्री उपयोगी पडतो तो चालू रहदारी दाखवणारा, त्या दिवसापर्यंत ताजा असलेला नकाशा.

तर मग नकाशा गाडीत असावा की फोनमध्ये, हा वाद तसा लवकर मिटतो. त्याहून मोठी आणि काळजी वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही नकाशे रस्त्याची आजची अवस्था जाणत नाहीत, आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे.

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. तिथला पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो. गावकऱ्यांना हे माहीत, नकाशाला नाही. रात्रीच्या अंधारात पाणी आणि डांबर यांतला फरक कळला नाही. दोघे पोहून बाहेर आले, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. पुलाचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता, नकाशावर मात्र पूल अखंड होता. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला मध्यरात्रीनंतर एक महिला खाडीपुलावर जायच्या ऐवजी पुलाखालच्या रस्त्याने सरळ गेली आणि गाडीसह जेट्टीवरून पाण्यात पडली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवले.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचे उदाहरण कोकण आणि सीमाभागातल्या वाचकाने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बिहारहून गोव्याला निघालेल्या एका कुटुंबाला नकाशाने जवळचा म्हणून भीमगडच्या जंगलातला रस्ता दाखवला. आत गेल्यावर रेंज गेली, आणि रेंज गेल्यावर परतीचा रस्ताही हरवला. रात्र गाडीतच काढावी लागली. सकाळी काही किलोमीटर चालून सिग्नल मिळाला तेव्हा ११२ ला फोन करता आला आणि पोलीस पोहोचले. अंतर कमी म्हणून रस्ता चांगला, हे गृहीतक सह्याद्रीत चालत नाही. नकाशावरची एकच बारीक रेघ शहरात गल्ली असते, कोकणात ती पाखाडी असू शकते, वनखात्याची कच्ची वाट असू शकते, नाहीतर दुचाकीपुरता साकव.

गुगल मॅप्सने जुलै २०२४ मध्ये भारतात चारचाकींना अरुंद रस्ते टाळून नेण्याची सोय आणली. ती सुरू झाली आठ शहरांत: हैदराबाद, बंगळूर, चेन्नई, कोइमतूर, इंदूर, भोपाळ, भुवनेश्वर आणि गुवाहाटी. पहिल्या यादीत महाराष्ट्रातले एकही शहर नव्हते. मग तळ्याच्या वाड्या-वस्त्यांची गोष्टच सोडा. २०२२ मध्ये रस्त्यांची छायाचित्रे दाखवणारी स्ट्रीट व्ह्यू सेवा भारतात परत आली, तेव्हा मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर ही शहरे पहिल्या दहात होती. कंपन्या जिथे गिऱ्हाईक दाट तिथे आधी जाणार, हे समजण्यासारखे आहे. पण अरुंद रस्त्यावर अडकण्याची, वाहून गेलेल्या मोरीवर पोहोचण्याची शक्यता जास्त असते ती नेमकी गिऱ्हाईक विरळ असलेल्या तालुक्यांत.

राजपुरीच्या खाडीचे उदाहरण घ्या. मुरूडहून दिवेआगर-श्रीवर्धनला जायचे तर आगरदांडा-दिघी फेरीबोटीने गाडीसह खाडी ओलांडता येते. बोट गाठता आली नाही किंवा बंद असली तर खाडीला वळसा घालून, तळा-म्हसळ्याच्या बाजूने जावे लागते. तासन् तासांचा फरक पडतो. बोट आज चालू आहे का, शेवटची फेरी किती वाजता, समुद्र खवळलाय का, यातले काय नकाशाला ठाऊक असते? जेट्टीवरच्या माणसाला सगळे ठाऊक असते. सावित्रीवरचा आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी वाहतुकीला बंद झाला तेव्हा म्हसळा आणि मंडणगडमधल्या लोकांना हाच अनुभव आला.

आणि २ ऑगस्ट २०१६ ची रात्र रायगडात कोण विसरेल? महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहने नदीत गेली. मुंबई-गोवा महामार्गासारख्या रस्त्यावरचा पूल नाहीसा झाला आणि जगातल्या कुठल्याही नकाशावर तो तसाच उभा होता. पहिली खबर दिली ती जवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाने.

राजपुरीच्याच खाडीच्या काठी आणखी एक जुनी गोष्ट आहे. तळ्याजवळ कुडा येथे, या खाडीकडे तोंड करून, दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास कोरायला घेतलेली सव्वीस बौद्ध लेणी आहेत. त्या काळी ही खाडी जहाजांचा रस्ता होती. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या खलाशांच्या मार्गदर्शिकेत कल्याणच्या पुढची पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे क्रमाने दिली आहेत. त्यातले 'मंदगोरा' म्हणजे तळ्याजवळचे मांदाड असावे, असे काही अभ्यासक मानतात. मार्गदर्शिका हातात असूनही जहाजे बंदरात एकटी शिरत नसत. भरुचबद्दल त्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे की तिथले राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन समुद्रात पुढे येत आणि वाळूच्या दांड्यांमधून परदेशी जहाजांना वाट दाखवत बंदरात आणत. लिहिलेली वाट आणि आजची वाट यांत फरक पडतो, आणि तो सांगायची जबाबदारी त्या काळच्या राजाने आपल्या माणसांवर टाकली होती.

आजच्या राज्याने हे काम अंगावर घेतलेले नाही. रस्ता बंद करण्याचे अधिकार जिल्हा प्रशासनाकडे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली वाहतुकीवर निर्बंध घालणारे आदेश निघतात, वर्तमानपत्रांत छापून येतात, व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरतात. दरड कोसळली, मोरी खचली, पुलावरून पाणी चालले आहे, ही माहिती तहसील कार्यालयाच्या आपत्ती कक्षात, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या शाखा अभियंत्याकडे आणि पोलीस ठाण्यात काही मिनिटांत पोहोचलेली असते. पण ती गुगलला किंवा मॅपमायइंडियाच्या 'मॅपल्स' ॲपला वाचता येईल अशा रूपात, नेमक्या जागेसह, त्याच वेळी कुणीही देत नाही. मोठ्या शहरांच्या वाहतूक पोलिसांनी नकाशा कंपन्यांना बंद रस्ते कळवायला सुरुवात केली आहे. तालुक्यांपर्यंत ही पद्धत आली पाहिजे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांविषयीचे धोरण मोकळे केले, भारतीय कंपन्यांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे बनवायची मुभा मिळाली. परवानग्यांचा जुना अडथळा आता राहिलेला नाही. राहिली आहे ती रोजची नोंद करण्याची शिस्त.

बरेलीच्या घटनेनंतर तिथल्या बांधकाम विभागाच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदला गेला आणि त्यात नकाशा कंपनीच्या अधिकाऱ्याचाही उल्लेख आला. क्रम बरोबरच होता. अर्धवट पुलासमोर पक्का अडथळा उभा नसेल तर पहिला दोष रस्ता सांभाळणाऱ्याचा. कोकणातल्या गावात साकव खचला की कुणीतरी झाडाची फांदी तोडून आडवी टाकते, तीवर लाल फडके बांधते. चालकाने फांदीचे ऐकावे, पडद्याचे नाही. पण ज्या रात्री फांदी टाकायला कुणी नसते त्या रात्रीसाठी दुसरी व्यवस्था हवी.

आणि हा विषय पर्यटकांच्या सोयीपुरता नाही. १०८ ची रुग्णवाहिका तळ्याच्या एखाद्या आतल्या वाडीवर निघते तेव्हा ती वाडी नकाशावर बरोबर जागी असणे, तिथवर चारचाकी जाते की पाखाडीपाशी थांबावे लागते हे कळणे, यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. आज चालक फोन करून विचारतो, कुणीतरी मोटरसायकल घेऊन फाट्यावर येऊन उभा राहतो. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला 'डिजिपिन' देशातल्या चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा क्रमांक देतो. वाडीतल्या प्रत्येक घराच्या दारावर ग्रामपंचायतीने तो रंगवून घेतला आणि नियंत्रण कक्षाने तो विचारायला सुरुवात केली, तर फाट्यावर उभे राहण्याची गरज बरीच कमी होईल.

गाडी घेणाऱ्यासाठी एक अपवाद नोंदवायला हवा. विजेवरच्या गाडीत आतला नकाशा खरोखर वेगळे काम करतो. बॅटरीत किती चार्ज उरला आहे, घाट चढताना किती जाईल, पुढचा चार्जर कुठे आहे, हा हिशेब गाडीच्याच संगणकाला नीट मांडता येतो. महामार्ग सोडून किनाऱ्याकडे वळले की चार्जर विरळ होत जातात, त्यामुळे श्रीवर्धनहून परत मुंबई गाठायची आहे अशाला हा हिशेब मोलाचा आहे. विजेची गाडी घेणाऱ्याने ही सोय अवश्य पाहावी, आणि चार्जरची यादी किती ताजी ठेवली जाते हेही विचारावे. पेट्रोल-डिझेल-सीएनजीच्या गाडीसाठी मात्र मधले मॉडेल, फोन जोडणारा पडदा आणि उतरवून ठेवलेला नकाशा एवढे पुरते. वाचलेल्या पैशात एअरबॅग, चांगले टायर आणि पावसाळ्यात लागणारे धुक्याचे दिवे बघावेत. ताम्हिणीच्या धुक्यात त्यांचा उपयोग मोठ्या पडद्यापेक्षा जास्त होतो.

सरकारी बाजूचे काम फार खर्चाचे नाही. प्रत्येक तहसील कार्यालयात पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी आपत्ती कक्ष चालतोच. तिथल्या एका कर्मचाऱ्याला बंद रस्ता, बंद पूल, बंद फेरी यांची नोंद नकाशा कंपन्यांच्या यंत्रणेत करण्याचे अधिकृत काम द्यावे आणि रस्ता सुरू झाल्यावर ती काढण्याचेही. पाण्याखाली जाणाऱ्या मोऱ्यांची यादी बांधकाम विभागाकडे असते. ती जूनच्या आधी जागेसह जाहीर करावी, म्हणजे रात्री तिथे येणाऱ्या अनोळखी चालकाला पडदा आधीच सावध करू शकेल. रायगड जिल्ह्याने महाडचा पूल, तळीयेची दरड आणि निसर्ग वादळ हे सगळे पाच वर्षांच्या आत सोसले आहे. ही पद्धत राज्यात पहिल्यांदा सुरू करण्याचा हक्क याच जिल्ह्याचा आहे. सुरुवात इंदापूर-तळा-आगरदांडा रस्ता आणि त्याला मिळणारे फाटे यांच्यापासून करता येईल.